काका विचारतात, यात गोष्ट कुठंय?

ताई,
सांगलीत आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मी आणि दोन मित्र दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सिनेमा दाखवतो. तीन महिन्यांपूर्वी फ्रेंच दिग्दर्शक जाक तातीचा ‘प्लेटाइम’ लावला. माझा सगळ्यात लाडका विनोदी सिनेमा. चाळीसेक माणसं आली होती, मध्यंतराला निम्मी उठून गेली. राहिलेल्यांतले काही मोबाइल बघत होते. मागे एक सात-आठ वर्षांची मुलगी तेवढी खिदळत होती आणि तिची आई तिला गप्प करत होती. नंतर चहाच्या वेळी आमचे एक निवृत्त शिक्षक काका, जे पहिल्या दिवसापासून न चुकता येतात, सगळ्यांसमोर म्हणाले, “अरे, यात गोष्ट कुठंय? आणि खालची इंग्रजी अक्षरंही धड येत नव्हती.” मला राग आला. मी म्हणालो, “काका, तुम्हाला फक्त शाब्दिक कोट्यांचाच विनोद कळतो.” ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर आलेलेही नाहीत. घरी बायको म्हणाली, तिलाही कंटाळाच आला होता. ते मला जास्त लागलं. पुढच्या रविवारी ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’ लावायचं ठरलं होतं, पण आता वाटतं, असले सिनेमे बंदच करावेत. की आमच्या गावाचीच तेवढी तयारी नाही?
– एक वाचक, सांगली

तुमचं पत्र वाचलं. सिनेमाचं नंतर बोलू. आधी काकांकडे जाऊन या.

फोन करू नका, मेसेज तर नाहीच. संध्याकाळी घरी जा. जाताना सिनेमाची बाजू मांडायची तयारी करून जाऊ नका. “सगळ्यांसमोर तसं बोललो, ते चुकलं माझं,” एवढं म्हणा आणि थांबा. पुढे “पण खरं म्हणजे तो सिनेमा ना…” असं एक अक्षर काढलंत, तर मागितलेली माफी तिथंच परत घेतल्यासारखी होईल. ते बोलायला लागले, तर त्यांना विचारा की त्या दिवशी पडद्यावर त्यांना काय काय दिसलं. आणि ऐका. तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून येणारा माणूस दोन तास बसला, शेवटपर्यंत बसला आणि चहाला थांबून चारचौघांत त्याने प्रश्न विचारला. तुमच्या हॉलमधला सगळ्यात चांगला प्रेक्षक तोच होता. मोबाइल बघणाऱ्यांनी तुम्हाला काहीच विचारलं नाही, हे लक्षात घ्या.

शिवाय त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. तुमच्या गावाच्या तयारीचा मुद्दा काढलात म्हणून सांगते, हाच प्रश्न डिसेंबर १९६७ मध्ये पॅरिसच्या प्रेक्षकांनीही विचारला होता. आणि ती माणसं तातीला ओळखणारी होती. ‘मस्यू उलोची सुट्टी’ (१९५३) आणि ‘मों ओंक्ल’ (१९५८) या सिनेमांनी त्याला घराघरात नेलं होतं, दुसऱ्याला तर ऑस्करही मिळालं होतं. त्यांत तातीने स्वतःच रंगवलेला, लांबलचक पावलं टाकणारा, रेनकोट घातलेला, तोंडात पाइप धरलेला उलो लोकांना घरच्यासारखा झाला होता. तोच उलो पुन्हा भेटेल म्हणून लोक थिएटरात गेले, तर तातीने त्याला गर्दीत सोडून दिलेला. तो मधूनच दिसतो, मधूनच गायब होतो, आणि वर त्याच्यासारखीच टोपी-रेनकोट घातलेली भलतीच माणसं पडद्यावरून जातात. आपण “आला!” म्हणावं आणि तो दुसराच निघावा. लोक हिरमुसले. यात नवल काय?

तातीने या सिनेमासाठी पॅरिसच्या कडेला एक अख्खी वस्ती उभी केली होती. काच आणि पोलादाच्या इमारती, रस्ते, स्वतःचं वीजकेंद्र. काही इमारती चाकांवर होत्या, हव्या तशा सरकवता याव्यात म्हणून. दूरच्या गर्दीत उभी केलेली काही माणसं तर माणसं नव्हतीच, कापून उभे केलेले फोटो होते. काम सुमारे तीन वर्षं चाललं. सिनेमा ७० मिमीच्या, म्हणजे नेहमीपेक्षा दुप्पट रुंद फिल्मवर चित्रित केला आणि तो तशाच मोठ्या पडद्याच्या थिएटरांत लागावा, असा त्याचा आग्रह होता. मग चालला नाही, तेव्हा कर्ज अंगावर आलं. घर गेलं, आधीच्या सिनेमांचे हक्कही हातातून गेले. आज तो सिनेमा जगातल्या उत्तम सिनेमांच्या याद्यांत असतो. पण म्हणून १९६७ चे प्रेक्षक अडाणी होते, असं मी म्हणणार नाही. विनोदी सिनेमा लोकांसाठी असतो. हॉल हसला नाही, तर ते नुकसानच आहे, आणि तातीला ते नुकसान फार लागलं. “लोकांना कळलंच नाही” असं म्हणत त्यात अभिमान वाटून घ्यावा, असं काही तिथं घडलेलं नाही. तुम्हीही तसं म्हणू नका.

मग काय झालं तुमच्या हॉलमध्ये? मला वाटतं, लोकांना नजर कुठं ठेवायची तेच कळलं नाही. आपण जे सिनेमे बघत मोठे झालो, त्यांत कॅमेरा आपल्यासाठी निवड करतो. नायक बोलतो तेव्हा नायकाचा चेहरा, केळीच्या सालीवर पाय पडणार असेल तेव्हा आधी साल. तातीने इथं चेहरा जवळून दाखवणं जवळजवळ सोडूनच दिलंय. अख्खी चौकट दूरवरून उभी आणि तिच्यात एकाच वेळी चार-पाच ठिकाणी काहीतरी चाललंय. लग्नाच्या हॉलमध्ये वर गॅलरीत बसून खालची पंगत बघावी, तसा हा सिनेमा बघायचा असतो. कोण कुणाला वाढतंय, कोण हळूच उठतंय, कोणाच्या पानात दोनदा जिलबी आली, हे आपलं आपण शोधायचं. कुणी बोट दाखवून सांगणार नाही. पण प्रेक्षक गोष्टीची वाट बघत बसला असेल, तर त्याला ही पंगत दिसतच नाही. त्याला वाटतं, अजून सुरुवातच व्हायचीय.

तो रेस्टॉरंटचा भाग आठवा. ‘रॉयल गार्डन’ त्याच रात्री उघडतंय, रंगही पुरता वाळलेला नाही. उलोच्या धक्क्याने दाराची भलीमोठी काच फुटते, चुरा होतो. दारावरच्या माणसाच्या हातात उरते ती फक्त पितळी मूठ. तो काय करतो? काचेचं दार आहे तिथंच आहे असं समजून मूठ हवेत धरतो आणि येणाऱ्या पाहुण्यांसाठी ती अदबीने मागे नेतो, पुढे आणतो. दार उघडलं, दार मिटलं. आणि पाहुणे? ते त्या नसलेल्या दारातून थाटात आत येतात. कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण काच पहिल्यापासून दिसतच नव्हती. यात एक शब्द नाही. समजवायला काही नाही. मला वाटतं, ही एक गोष्ट काकांना नुसती सांगितली तरी ते हसतील. पण पडद्यावर तेव्हा आणखीही बरंच चाललेलं असतं, आणि त्यांची नजर बहुधा खाली होती.

खाली, म्हणजे अक्षरांवर. काकांची दुसरी तक्रार तुम्ही बाजूला टाकलीत, मला ती जास्त महत्त्वाची वाटते. ‘प्लेटाइम’मध्ये लोक फ्रेंच बोलतात, इंग्रजी बोलतात, अधूनमधून जर्मन बोलतात, आणि बहुतेक वेळा ते बोलणं नुसतं कानावरून जातं. सबटायटल्स कधी येतात, कधी येत नाहीत, कारण बोलण्यात तसं काही अडकलेलंच नाही. पण आपल्याकडे परदेशी सिनेमा बघणारा माणूस, त्यातही इंग्रजी वाचायला थोडा वेळ लागणारा, पहिल्या मिनिटापासून खालची ओळ धरून बसतो. ओळ चुकली तर सिनेमा चुकला, ही त्याची भीती खरी असते. आणि तातीचे निम्मे विनोद त्या ओळीच्या हातभर वर होतात. पुन्हा कधी हा सिनेमा लावलात, तर सबटायटल्स सरळ बंद करा. सुरू करण्याआधी एवढंच सांगा, “बोलणं ऐकायचं नाही, समजायचं नाही, कुठंही बघा.” भाषणाची गरज नाही. पण हे वाक्य हवं. ते मिळालं की माणसं सैलावतात.

आणि आवाज वाढवा. हे मी फार गंभीरपणे सांगते. तातीने या सिनेमाचा सगळा आवाज नंतर बसवला आहे, एकेक करून. कार्यालयातली ती काळी खुर्ची, बसलं की ‘फुस्स’ करून दबणारी आणि उठलं की हळूच पुन्हा फुगणारी. त्या लांबच लांब बोळातून येणाऱ्या माणसाच्या बुटांचा टकटक आवाज. माणूस येतोय, येतोय, येतोय, आणि उलो दरवेळी तो पोचलाच असं समजून उठतो, शिपाई त्याला पुन्हा बसवतो. आवाज बारीक असेल तर या प्रसंगात एक माणूस चालतोय आणि एक माणूस उठबस करतोय, बास. कंटाळाच येणार. तुमच्या प्रोजेक्टरच्या पोटातला छोटा स्पीकर वापरला असेल, तर अर्धा विनोद त्यानेच खाल्ला.

आता तुमच्या कोट्यांच्या वाक्याबद्दल. ते बोलायला नको होतं, पण त्यात एक धागा आहे आणि तो धरण्यासारखा आहे. आपलं हसणं बरंचसं कानातून येतं. बतावणी घ्या, एकपात्री प्रयोग घ्या, कथाकथन घ्या. बोलणारा वाक्य कुठे तोडतो, त्यावर अख्खं सभागृह हसतं. यात कमीपणा कसला? कान इतका तयार होणं ही मोठीच कमाई आहे. आणि डोळ्यांनी हसायची सवय आपल्याला नाही असंही नाही. मराठी रंगभूमीवरचे फार्स आठवा. एका दारातून नवरा जातो, त्याच क्षणी दुसऱ्या दारातून भलताच माणूस येतो, मधे सोफ्यामागे तिसरा लपलेला. सांगलीला हे शिकवायची गरज आहे? तुमच्या गावाने नाटक जितकं पाहिलंय, तितकं पाहिलेली गावं मोजकीच. काकांनी असे फार्स नक्की पाहिले असतील. ‘रॉयल गार्डन’ हा तसाच फार्स आहे. एका वेटरची विजार खुर्चीच्या टोकाला अडकून फाटते, मग बाकीचे वेटर आपले फाटके बूट, डाग पडलेले कोट आणून त्याच्याच गळ्यात मारतात. एका टेबलाशी आणलेल्या माशावर येणारा-जाणारा प्रत्येक वेटर पुन्हा पुन्हा मीठ-मिरपूड घालतो आणि तो मासा काही कुणाच्या पानात पडत नाही. फरक एवढाच की आपल्या फार्समध्ये तीन दारं असतात आणि इथं तीस. या वाटेने काकांशी बोललात, तर ते तुम्हालाच चार गोष्टी शिकवतील.

एक गोष्ट मात्र तुमच्या व्यवस्थेची आहे. हा रेस्टॉरंटचा भाग जवळजवळ पाऊण तासाचा आहे आणि तो सुरू होतो सिनेमाच्या साधारण मध्यावर. म्हणजे तुम्ही मध्यंतर घेतलंत ते बरोबर जेवण वाढायच्या आधी. त्याआधीचा एक तास मुद्दाम थंड आहे. राखाडी विमानतळ, राखाडी कार्यालयं, काचेच्या पेट्यांत बसलेली माणसं. तो एकसुरीपणा तातीला हवाच होता, कारण नंतर त्या हॉटेलात छताचा भाग कोसळतो, बँड पळून जातो, माणसं एकमेकांशी बोलायला लागतात, आणि सकाळी चौकातल्या गाड्या जत्रेतल्या फिरत्या घोड्यांच्या संगीतावर गोल गोल फिरू लागतात. उठून गेलेल्यांना फक्त राखाडी भाग दिसला. ते गेले यात त्यांचा दोष नाही. दोन तासांचा सिनेमा आहे, सलग दाखवा. चहा आधी द्या.

त्या मुलीला आईने गप्प केलं, याचं मला वाईट वाटतं. तिला गोष्टीची घाई नव्हती, म्हणून तिला सगळं दिसत होतं. हॉलमध्ये पहिलं हसू फुटायला कुणीतरी लागतं, आणि तुमच्याकडे ते फुटलं होतं. मोठ्यांना वाटतं, परदेशी सिनेमा, वाचनालयाचा हॉल, म्हणजे गांभीर्याने बसायचं असणार. हा समज आयोजकांच्या वागण्यातूनच येतो. सुरुवातीला तुम्ही दिग्दर्शकाचा जन्म, कारकीर्द, पुरस्कार असं दहा मिनिटं वाचून दाखवता का? पत्रात लिहिलेलं नाही, पण दाखवत असाल तर थांबवा. विनोदी सिनेमाआधी तर नक्कीच. ज्यांना जाणून घ्यायचंय, ते चहाला विचारतात.

बायकोचं तुम्हाला जास्त लागलं, असं तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. मला वाटतं, तिथं सिनेमाचा संबंध थोडाच आहे. आपल्याला जे जीवापाड आवडतं, ते आपल्या माणसाला आवडलं नाही, तर आपण स्वतःच नाकारले गेलो असं वाटतं. पण तिने तुम्हाला नाकारलेलं नाही. उलट ती खरं बोलली, आणि घरी, एकांतात बोलली. काकांशी तुम्ही जसं वागलात ते पाहूनही ती खरं बोलली, याला धीर लागतो. तिला तो सिनेमा कधीच आवडला नाही तरी चालेल. खरंच चालेल. मी अशी माणसं ओळखते, सिनेमात मुरलेली, ज्यांना ताती सोसत नाही. त्यांना त्याची नजर दूरची वाटते, माणसांकडे किड्यामुंग्यांसारखं बघणारी. मला ते पटत नाही. शेवटी उलो पॅरिस बघायला आलेल्या एका अमेरिकन पाहुणीला जो साधा रुमाल भेट पाठवतो, त्यात मला पुरेशी ऊब दिसते. पण त्यांचं म्हणणं विचार करून आलेलं आहे आणि मी त्यांच्याशी वाद घालते तो बरोबरीने. तुमच्या बायकोला पुन्हा “बघ ना एकदा” म्हणून बसवू नका. तिला काय आवडतं ते विचारून एका महिन्याचा सिनेमा तिला निवडू द्या, आणि तो तुम्ही पूर्ण बघा.

राहिला शेवटचा प्रश्न. असले सिनेमे बंद करू नका. पण क्रम बदला. ‘प्लेटाइम’ हा तातीच्या घराचा माडीवरचा मजला आहे, तुम्ही लोकांना थेट तिथं नेलंत. ‘मस्यू उलोची सुट्टी’ आधी लावायला हवा होता. समुद्रकिनारा, सुट्टीवर आलेली माणसं, टेनिस, फटाके, आणि उलो सतत समोर. त्यात कुणी हरवत नाही. तो लावा, दोन-तीन महिन्यांनी ‘मों ओंक्ल’ लावा, आणि ‘प्लेटाइम’ पुन्हा लावायचा असेल तर वर्षभराने. तोवर लोकांची उलोशी ओळख झालेली असेल आणि गर्दीत त्याला शोधण्यात त्यांना मजा येईल.

पुढच्या रविवारचा ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’ मात्र ठरल्याप्रमाणे होऊ द्या. त्याचा दिग्दर्शक वेस अँडरसन, याची मांडणीही तितकीच आखीव आहे. चौकटीच्या बरोब्बर मधोमध माणूस, गुलाबी हॉटेल, जांभळे गणवेश, पात्रं काटकोनात वळतात. त्याच्या सिनेमांवरही “नुसती सजावट” असा शेरा नेहमी पडतो, आणि कधीकधी तो मला पटतोही. पण या सिनेमात काकांना हवी ती गोष्ट आहे, भरपूर आहे. खून, मृत्युपत्र, चोरलेलं चित्र, तुरुंग फोडून पळणं, बर्फातला पाठलाग, आणि हॉटेलात पाहुण्यांची सगळी सरबराई बघणारा तो गुस्ताव, जो कितीही संकटात असला तरी अंगाला अत्तर लावायला विसरत नाही. हे सगळं पावणेदोन तासांच्या आत. २०१४ च्या या सिनेमाला चार ऑस्कर मिळाली, ती संगीत, कलादिग्दर्शन, वेशभूषा आणि रंगभूषेला. म्हणजे सजावटीची दाद मिळालीच. पण शेवटाकडे सैनिक रेल्वे थांबवतात आणि सगळे रंग जाऊन चित्र एकदम कृष्णधवल होतं, तेव्हा ती सजावट कशासाठी होती ते कळतं. तोवर हसणारी माणसं तिथं गप्प होतात. ते आधी कुणाला सांगू नका.

या सिनेमाला सबटायटल्स ठेवा, बोलणं फार भराभर आहे. आणि एक तांत्रिक गोष्ट आदल्या दिवशीच तपासा. यातली गोष्ट वेगवेगळ्या काळांत घडते आणि चित्राचा आकार त्या काळाप्रमाणे बदलतो. १९६८ चा भाग लांबरुंद आहे, १९३२ चा जवळजवळ चौकोनी, दोन्ही बाजूंना काळं सोडलेला, त्या काळातल्या सिनेमांसारखा. प्रोजेक्टर किंवा लॅपटॉपवर ‘स्क्रीन भरा’ अशी सोय चालू राहिली, तर डोकी कापली जातील किंवा माणसं पसरट दिसतील. ती बंद करा, आणि हॉलमध्ये सांगून ठेवा की चित्र मधेच अरुंद झालं तर मशीन बिघडलेली नाही, नाहीतर कुणीतरी उठून वायर हलवायला जाईल.